छप्पर बदलताना डंपस्टर वजनावर ठरवा

अमेरिकेत घराचं छप्पर बदलायला काढलं आणि डंपस्टरसाठी (कचरा टाकायला भाड्याने मिळणारा मोठा लोखंडी डबा) फोन लावला की समोरून पहिलं विचारतात, किती यार्डचा, म्हणजे किती घन यार्ड मावणारा हवा? त्यावर आकडा सांगून मोकळं होऊ नका. आधी विचारा, भाड्यात किती टन धरलेत आणि त्यापुढे टनामागे किती घेणार? डांबरी शिंगल्स, म्हणजे छपरावर ठोकलेल्या चपट्या पट्ट्या, दिसायला पातळ, पण उचलायला गेलं की कळतं. सोफे-गाद्या टाकून डंपस्टर काठोकाठ भरला तरी वजन सहसा मर्यादेत राहतं. शिंगल्स टाकल्या तर तो अर्धा भरेपर्यंतच मर्यादा ओलांडलेली असू शकते, आणि ते बिल आल्यावरच कळतं.

छप्पर इथे स्क्वेअरमध्ये मोजतात. एक स्क्वेअर म्हणजे 100 चौरस फूट, आपल्याकडे प्लास्टरचं काम ज्या ब्रासवर मोजतात तेवढाच. गॅरेज आणि वळचणी धरून घराची जमिनीवरची लांबी-रुंदी घ्या आणि उतारासाठी वाढवा. उतार 4/12 (12 इंच आडवं गेल्यावर 4 इंच चढ) असेल तर 1.05 ने गुणायचं, 6/12 ला 1.12 ने, 8/12 ला 1.20 ने. समजा 44 बाय 40 फूट, उतार 6/12, तर साधारण 1,970 चौरस फूट, म्हणजे 20 स्क्वेअर. घराच्या जाहिरातीत लिहिलेलं 2,400 चौरस फूट इथे कामाचं नाही, त्यात दोन्ही मजले आलेले असतात.

आता वजन. जुन्या थ्री-टॅब (पातळ, तीन पाकळ्यांच्या) शिंगल्स स्क्वेअरला 200 ते 250 पौंड भरतात, जाड आर्किटेक्चरल 250 ते 350, काही त्याहून जड. 20 स्क्वेअरला 250 पौंड धरले तरी 5,000 पौंड, म्हणजे अडीच टन (इथला टन 2,000 पौंडांचा). त्यात भर फेल्ट (शिंगल्सखालचा डांबरी कागद), खिळे आणि फ्लॅशिंगची (सांध्यांवरच्या धातूच्या पट्ट्या). खालचे ओएसबीचे (लाकडाच्या चिपा दाबून केलेले) पत्रे कुजलेले निघाले तर 4 बाय 8 फुटांचा एकेक पत्रा 45 पौंडांच्या आसपास. सगळं मिळून तीन टन धरून चाला.

हे झालं एका थराचं. पूर्वी जुन्या शिंगल्स न काढता त्यावरच नव्या ठोकायची पद्धत होती. बांधकामाचा कोड (नियमावली) साधारणपणे दोन थरांपर्यंत चालवून घेतो, त्यामुळे बऱ्याच जुन्या घरांवर खाली अजून एक छप्पर असतं आणि हिशोब सरळ दुप्पट होतो. थर मोजायला पन्हळीच्या बाजूची कड बघू नका. तिथे पहिल्या ओळीखाली जादा स्टार्टर पट्टी असते, एकच थर असला तरी दोन दिसतात. छपराची तिरपी कड, म्हणजे रेक, तिथे शिंगल हलकेच उचलून बघा. खरा आकडा तिथे सापडतो.

जागेचा अंदाज सोपा आहे: उचकटलेल्या तीनेक स्क्वेअरना एक घन यार्ड. 20 स्क्वेअरचा एक थर सात यार्डांत बसतो, म्हणजे 10 यार्डचा डंपस्टर पुरतो, फक्त त्याच्या भाड्यात तीन टन बसले पाहिजेत. दोन थर असतील तर सहा टनांकडे जातं. अशा वेळी 30 यार्डचा मोठा डबा मागवणं ही हमखास होणारी चूक. तो अर्धा भरला की इतका जड होतो की ड्रायव्हर रस्त्यावर न्यायला नकार देऊ शकतो, आणि मग भरलेला माल हाताने उपसावा लागतो. 10 यार्डचाच घ्यावा आणि भरला की बदलून मागवावा. कौलं किंवा स्लेट असेल तर स्क्वेअरला 800 ते 1,000 पौंड धरा. त्यासाठी जड मालाचाच डंपस्टर लागतो, तसं आधीच सांगा.

काही ठिकाणी नुसत्या शिंगल्सचा माल रिसायकलिंगला जातो, रस्त्याच्या डांबरात वापरतात, आणि दर कमी पडतो. पण त्यात लाकूड किंवा घरचा कचरा मिसळला की तो दर गेला.

ठेवण्याच्या जागेकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. ट्रकला सरळ रेषेत साधारण 60 फूट लागतात, आणि डबा उतरवताना ट्रकची पाठ वर होते, म्हणून वर तारा किंवा फांद्या नकोत. डबा तिरका होऊन घसरत येतो तेव्हा त्याची मागची लोखंडी चाकं आधी टेकतात आणि सगळं वजन त्या दोन ठिपक्यांवर येतं. उन्हाळ्यात डांबरी ड्राइव्हवे मऊ असतो, तिथे खड्डे पडतात. चाकं टेकणार तिथे जाड फळ्या, 2 बाय 10 इंचांच्या, डबा सरकणार त्या दिशेने लांबीत टाका. पातळ प्लायवूड चिरतं. दार घराकडे ठेवायला सांगा, म्हणजे जड पत्रे आत चालत नेता येतात. आणि हो, गॅरेजमधली गाडी आदल्या रात्रीच बाहेर काढा. रस्त्यावर ठेवायचा असेल तर टाउनशिपचा (स्थानिक प्रशासनाचा) परमिट लागू शकतो, एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) असेल तर त्यांनाही विचारून ठेवा.

शिंगल्स ढीग करून न टाकता सपाट पसरत भरा, वजन एका टोकाला साठू देऊ नका, आणि काठाच्या वर जाऊ देऊ नका. रात्री ताडपत्री घालाच. पावसात फेल्ट आणि लाकूड पाणी पितं आणि त्या पाण्याचेही टनावर पैसे लागतात. शिवाय उघड्या डंपस्टरमध्ये सकाळी कोणाची तरी गादी हमखास सापडते.

रंगाचे डबे, बॅटऱ्या, टायर, गॅसचे सिलिंडर चालत नाहीत. घर 1980 च्या आधीचं असेल आणि छपरावर कडक, करड्या सिमेंटसारख्या फरश्या असतील, तर ॲस्बेस्टॉसची तपासणी होईपर्यंत एकही फोडू नका.

काम कॉन्ट्रॅक्टरकडे असेल तर डंपस्टर बहुधा त्याच्याच दरात असतो. तरी वजन वाढलं तर पैसे कोणाचे आणि ड्राइव्हवेला खड्डा पडला तर भरणार कोण, हे करारात लिहून घ्या. डंपस्टर तुमच्या नावावर असेल तर बिलासोबत वजनकाट्याची पावती मागा. आणि डबा उचलून नेल्यावर त्या जागेवरून, विशेषतः दार होतं तिथून, पुन्हा एकदा लोहचुंबक फिरवून घ्या. छपराचे खिळे तिथेच जास्त सांडतात, आणि गाडी त्याच वाटेने आत येते.