झेनचं ऑइल लीकेज सापडलं एकदाचं

तर आपली मारुती झेन, ९७ चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली, जी१०बी इंजिन, ९९३ सीसी. सस्पेन्शनचं काम झाल्यापासून गाडी चालायला एकदम मस्त झालीये पण पार्किंगमध्ये डाग काही थांबेना. सोसायटीत नवीन पेव्हर ब्लॉक बसवलेत, त्यावर काळा डाग म्हणजे सेक्रेटरी काकांचा निरोप आलाच, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण मला डागापेक्षा जास्त काळजी डिपस्टिकची (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) होती, लेव्हल हळूहळू खाली सरकत होती आणि सायलेन्सरमधून निळा धूर अजिबात नाही, म्हणजे ऑइल जळत नाहीये, बाहेरच जातंय.

दोन ठिकाणी दाखवली, दोन्हीकडे एकच उत्तर. क्रँकशाफ्टचं मागचं, गिअरबॉक्सकडचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवायला लागेल, उतरवतोच आहोत तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट पण टाकून घ्या. खाली वाकून बघितलं तर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथूनच थेंब पडत होता त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. पण क्लच नीट पकडतोय, स्लिप नाही, जडपणा नाही, मग एवढा मोठा खर्च करायच्या आधी म्हटलं आपण स्वतः नीट शोधूया.

पहिलं काम म्हणजे हे नक्की इंजिन ऑइलच आहे का ते बघणं. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवला, सकाळी त्यावर काळपट तपकिरी थेंब. गिअर ऑइल असतं तर तो गंधकासारखा उग्र वास आला असता, तो नव्हता. कूलंट असतं तर रंगावरूनच कळलं असतं. म्हणजे इंजिन ऑइल पक्कं.

मग धुणं. आणि हे मी सगळ्यांना कळकळीने सांगतो, की धुतल्याशिवाय लीकेज शोधायला जाऊच नका, कारण ऑइल उतारावरून खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे जिथे थेंब पडतो ती जागा जवळजवळ कधीच खरी नसते. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग), कॉइल, कार्ब्युरेटर प्लास्टिकच्या पिशव्यांनी नीट बांधून घेतले, डीग्रीझर मारला, जुन्या टूथब्रशने कानाकोपरे घासले, कमी प्रेशरच्या पाण्याने धुतलं आणि पूर्ण वाळू दिलं. वर्षानुवर्षांचा तो चिकट काळा थर निघाल्यावर ॲल्युमिनियमचं इंजिन इतकं सुंदर दिसत होतं की थोडा वेळ नुसतं बघत बसलो.

वाळल्यावर गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगवर (इंजिनला जुळणारं क्लचभोवतीचं कवच), हेडच्या त्या बाजूच्या टोकाला आणि टॅपेट कव्हरच्या (हेडवरचं झाकण) कडेने टाल्कम पावडर भुरभुरली. इंजिन पूर्ण गरम व्हायला पाहिजे, थंड इंजिनमध्ये ऑइल घट्ट असतं आणि बारीक लीक दिसतच नाही, म्हणून कात्रजच्या जुन्या घाटातून खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो, चढावर मुद्दाम गिअर खाली ठेवून. परत आल्यावर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघितलं तर पांढऱ्या पावडरीतून एक ओली काळी रेघ, डिस्ट्रिब्युटरच्या फ्लँजखालून (बोल्ट लागतात ती कड) निघालेली, तिथून बेल हाउसिंगच्या माथ्यावर आणि मग कडेकडेने सरळ खाली. मागचं सील गेलं असतं तर ऑइल बेल हाउसिंगच्या आतून येऊन तळाकडून बाहेर पडलं असतं आणि माथा कोरडा राहिला असता. इथे माथाच ओला! टॅपेट कव्हरची पण त्याच बाजूची कड ओलसर होती पण मुख्य माल डिस्ट्रिब्युटरचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या इंजिनात डिस्ट्रिब्युटर हेडच्या टोकाला बसतो आणि कॅमशाफ्ट त्याला थेट फिरवतो, ऑइल बाहेर येऊ नये म्हणून मध्ये फक्त एक ओरिंग, म्हणजे रबराची गोल रिंग. जागा नेमकी गिअरबॉक्सच्या वर, त्यामुळे ती गळाली की आळ मागच्या सीलवर येतो.

बॅटरीची मायनस काढली, प्लगच्या वायरींना टेप लावून नंबर टाकले (फायरिंग ऑर्डर १-३-४-२), आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोल्ट ढिले करायच्या आधी फ्लँज आणि हेडवर मिळून एक बारीक रेघ ओरखडली. बोल्टची भोकं लांबट असतात, डिस्ट्रिब्युटर थोडा जरी फिरला तरी टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, बदलतं. मग हलवत हलवत बाहेर ओढला. ओरिंग बघण्यासारखी होती, गोल राहिलीच नव्हती, बाहेरची बाजू पूर्ण सपाट आणि चकचकीत, नखाने दाबली तर दबेना, खाचेतून उचलताना कडकन दोन तुकडे झाले. साधं नायट्राइल रबर सतत १०० डिग्रीच्या वर तापत राहिलं की असं कडक होतंच. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आत मात्र कोरडं खणखणीत होतं, म्हणजे शाफ्टचं आतलं सील शाबूत आहे, हा मोठा दिलासा, नाहीतर अख्खा डिस्ट्रिब्युटर खोलायला लागला असता.

तुकडे घेऊन पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काऊंटरवरच्या काकांनी तुकडे जुळवून बघितले, डिस्ट्रिब्युटरच्या खाचेचं माप मी व्हर्नियरने घेऊन गेलोच होतो, आणि त्यांनीच विचारलं की "व्हायटनमध्ये देऊ का, जास्त टिकेल." व्हायटन हे जास्त उष्णता सोसणारं रबर, साधारण २०० डिग्रीपर्यंत तग धरतं त्यामुळे लगेच हो म्हटलं, किंमत तशीही किरकोळ. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि बोल्टखालचे रबरी वॉशर पण घेतले.

बसवताना ओरिंगला नवीन ऑइलचं बोट फिरवलं, कोरडी बसवली तर पिळवटते. सिलिकॉन अजिबात लावलं नाही, ओरिंगच्या जागी त्याचं काहीच काम नाही. कॅमशाफ्टच्या टोकाची खाच मध्यावर नसते त्यामुळे डिस्ट्रिब्युटरचं कपलिंग एकाच पद्धतीने बसतं, नाही बसलं तर ठोकायचं नाही, अर्धा फेरा फिरवायचं. रेघ जुळवली आणि नंतर टायमिंग लाइट लावून खात्री केली. टॅपेट कव्हरचे बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे करत आवळले, जोर लावला की पत्रा वाकतो आणि नवीन पॅकिंगही गळतं.

एक गोष्ट मात्र सोडू नका, पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधली (इंजिनचा खालचा, क्रँकशाफ्टचा भाग) वाफ आणि गॅस बाहेर काढणारा व्हॉल्व्ह. काढून हलवला तर आवाजच नाही, काजळीने चिकटलेला. तो बंद असला की क्रँककेसमधलं प्रेशर कुठूनतरी वाट काढतं आणि कमजोर सील आधी गळतं, मला वाटतं ओरिंग लवकर हरायला याचाही हात असणार. कार्ब क्लीनरने धुतला, आता हलवला की टकटक वाजतो.

त्यानंतर परत पावडर, परत घाट, शिवाय ऑफिसची रोजची ट्रॅफिक. माथा कोरडा, पुठ्ठा कोरडा, लेव्हल जागच्या जागी. ऑइल चेंबरच्या (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) पॅकिंगला एका कोपऱ्यात हलका ओलावा आहे पण थेंब होत नाही, त्यावर नुसती नजर ठेवणार. आता पुढचं काम टायमिंग बेल्टच्या बाजूचं, बेल्ट बदलायचाच आहे तर क्रँक आणि कॅमची पुढची सीलं त्याच खोलण्यात बदलून टाकतो, ऑइल लागलेला बेल्ट मला नकोय. सीलं आणून ठेवलीत, बेल्ट नाना पेठेतल्या काकांना सांगितलाय, आला की कव्हर खोलतो आणि आतले फोटो टाकतो.