चार घरांचा चौकोन

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या समितीने लेखासोबत मुकुट घातलेला फोटो आवर्जून मागितला. दिला आहे. किताब शहरपातळीवरच्या सौंदर्यस्पर्धेचा, मिळाला तेव्हा मी डीएमएलटी (लॅबमधल्या तपासण्यांचा डिप्लोमा) करत होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिमॅटॉलॉजीचं, म्हणजे रक्ताच्या तपासण्यांचं, प्रॅक्टिकल होतं. केसांतला स्प्रे काही निघेना, म्हणून तशीच ओढणी बांधून गेले. नागपूरच्या उन्हाळ्यात तोंडाला ओढणी बांधलेल्या मुलीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, हे एक बरं.

शाळेने दिलेल्या संस्कारांवर लिहा, असंही पत्रात होतं. खरं सांगते, मूल्यशिक्षणाच्या तासाला आम्ही मागच्या बाकावर डबे संपवायचो. माझ्या कामी आला तो नववीच्या विज्ञानातला 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा धडा. बाईंनी फळ्यावर चौकोन काढून त्याची चार घरं केली. आई सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक, म्हणजे दोष अंगात असूनही स्वतः आजारी नसलेली; वडीलही वाहक. मग होणाऱ्या मुलांचं एक घर निरोगी, दोन वाहक, एक आजारी. खडू ठेवून त्या म्हणाल्या, "पुस्तकात आहे म्हणून लांबचं समजू नका. हे आपल्या विदर्भातलं दुखणं आहे." निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची जेमतेम 10 ते 20 दिवस. कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की माणूस वेदनेने तळमळतो. अंगातलं पाणी कमी झालं की हा त्रास उसळतो, आणि आपल्याकडचा मे महिना कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको.

पुढे कॉलेजच्या सरांसोबत रामटेक, देवलापारकडच्या गावांत तपासणी शिबिरांना जायला लागले, ते किताबाच्या बरंच आधी. हे मुद्दाम सांगते, कारण स्पर्धेच्या अर्जात 'सामाजिक उपक्रम' असा रकाना असतो आणि तो भरायला अनेक जणी अनाथाश्रमात केक कापल्याचे फोटो काढून आणतात. मिस वर्ल्डमध्ये 1972 पासून 'ब्यूटी विथ अ पर्पज', म्हणजे सौंदर्याला समाजकार्याची जोड देणारा उपक्रम आहे. मानुषी छिल्लरने 2017 मध्ये मिस वर्ल्डचा किताब जिंकला तेव्हा ती सोनिपतला एमबीबीएस करत होती आणि मासिक पाळीतल्या स्वच्छतेवर काम करत होती. आता त्याची खालपर्यंत नक्कल होते. मंचावर आदर्श कोण विचारलं तेव्हा मी रीटा फारियाचं नाव घेतलं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची ही विद्यार्थिनी 1966 मध्ये लंडनला मिस वर्ल्ड झाली, आशियातली पहिली. किताबाचं वर्ष संपल्यावर ती पुन्हा डॉक्टरकीच्या अभ्यासाला लागली. टाळ्या बेताच्याच पडल्या. समोरच्या कित्येकांना ती कोण हे माहीत नसावं.

किताबाचा उपयोग झाला, नाही असं नाही. शिबिरात पूर्वी बायका रक्त देऊन निघून जायच्या. आता "पेपरात फोटो आलेली पोरगी" बघायला थांबतात. थांबल्या की मी डब्यात चार चिठ्ठ्या टाकते. बाईंचाच चौकोन. पहिलं मूल सिकलसेलचं झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशोब जागोजागी ऐकायला मिळतो. म्हणून काढलेली चिठ्ठी मी परत डब्यात टाकते आणि पुन्हा काढायला लावते. एक आजी बराच वेळ पाहत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे दर खेपेले तोच डबा व्हय?" हो, प्रत्येक गरोदरपणात धोका तोच, 25 टक्के. आमच्या सरांनासुद्धा हे इतकं थोडक्यात सांगता आलेलं नाही.

गोरेपणाच्या ट्रीटमेंटची एक जाहिरात आली होती, ती नाकारली. मी सावळी आहे आणि ते पैसे घेऊन आरशासमोर उभं राहणं जमलं नसतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. त्याहून अवघड गोष्ट अहवालाची. वाहक मुलीला बहुधा काहीच त्रास नसतो, पण गावात कळलं की तिचं लग्न अडतं. मुलाच्या अहवालाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. मग आया कागद लपवतात, आणि दोन वाहकांचं लग्न नेमकं तिथेच न कळता होऊन जातं. कोणाची मुलगी वाहक आहे हे मी आईलाही सांगत नाही. त्यावरून आमच्या घरी एकदा चांगलीच जुंपली होती, कारण विषय नात्यातल्या स्थळाचा होता.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं तेव्हा ठरलं. त्यात आपली शाळा का नको? सुवर्णमहोत्सवात माजी विद्यार्थ्यांना काही करायचं असेल, तर अकरावी-बारावीच्या मुलामुलींची तपासणी ठेवू या, पालकांची संमती घेऊन. पहिल्या चाचणीला बोटातलं थेंबभर रक्त पुरतं. ती पॉझिटिव्ह आली, तर वाहक की रुग्ण हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिससारखी, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी करावी लागते. अहवाल बंद लिफाफ्यात, ज्याचा त्याच्या हाती; वर्गात नावं वाचायची नाहीत. रक्त घ्यायला मी आणि माझ्या दोन मैत्रिणी येऊ. शनिवारी सकाळची शाळा असते, तो दिवस आम्हाला सोयीचा आहे.