तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेरा मीच का धरतो

"डायरेक्शन तुमचं, कॅमेरापण तुमचाच, पैसे वाचवता की काय?" कुठेही फिल्म दाखवा, हे कोणीतरी विचारतंच. वाचतात ना पैसे, नाही कशाला म्हणू, डॉक्युमेंटरीला फंड मिळेपर्यंत निम्मं शूट खिशातून झालेलं असतं. पण कारण ते नाहीये.

सुरुवातीच्या एका फिल्मला माझ्याबरोबर चांगला मुरलेला कॅमेरामन होता. यंत्रमागावर अख्खी नोकरी काढलेल्या एका काकांची मुलाखत चालू होती. कामाची आठवण येते का विचारलं, तर "नाही हो, विसरलो सगळं" म्हणाले आणि गप्प झाले. चेहरा कोरा. पण मांडीवर दोन्ही हातांची बोटं तुटलेला धागा जोडत होती, चिमटीत धर, पीळ दे, गाठ मार, परत पुढची गाठ, आणि धागा नाहीच, काकांना स्वतःलाही पत्ता नाही. मी शेजारी बसून बघतोय आणि कॅमेरा हळूहळू झूम होत चेहऱ्यावर चाललाय. बोलता येत नाही, साऊंड चालू आहे. कॅमेरामनला हात लावावा तर फ्रेम हलणार, काकांचं लक्ष गेलं तर बोटं थांबणार. थोड्या वेळाने थांबलीच. एडिटला बसलो तर फोकस पक्का, लाइट सुंदर, आणि बोटं कुठेच नाहीत. त्याचं काही चुकलं नव्हतं हो, माणूस गप्प झाला की चेहऱ्यावर जायचं असंच आम्ही सगळे शिकतो. परत करा म्हटलं असतं तर काकांनी केलंही असतं, पण मग त्यात राहिलं काय असतं?

तेव्हापासून कॅमेरा हातात घेतला तो घेतलाच.

पूर्वी मी तावातावाने सांगायचो की स्वतः शूट केलं की फिल्म जास्त खरी होते. आता तसं म्हणवत नाही. रॉबर्ट फ्लाहर्टीने 'नानूक ऑफ द नॉर्थ' ही कॅनडाच्या उत्तरेतल्या इनुइट लोकांवरची १९२२ची डॉक्युमेंटरी स्वतःच शूट केली, आणि इग्लूच्या, म्हणजे त्यांच्या बर्फाच्या घराच्या, आत उजेड पुरेना म्हणून अर्धाच इग्लू बांधून घेतला, उघड्या थंडीत त्या लोकांना झोपायला-उठायला लावलं. कॅमेरा त्याच्याच हातात होता की! मग खरेपणाचा दावा मी कुठल्या तोंडाने करू? मला एवढंच कळतं की त्या क्षणी कुठे बघायचं हे ठरवणं मला दुसऱ्याच्या हवाली करवत नाही.

आणि हे फुकट होत नाही. डोळा व्ह्यूफाइंडरला, हात फोकस रिंगवर, कानात हेडफोन, डोक्यात पुढचा प्रश्न आणि संपत आलेली बॅटरी, समोरच्याला माझा चेहराच दिसत नाही, तो काचेशी बोलतो. काही माणसं मिटून गेली माझ्यासमोर, आणि कॅमेरा बॅगेत गेल्यावर दारात उभं राहून घडाघडा बोलली. तेव्हा वाटतं, नुसता माणूस म्हणून समोर बसलो असतो तर?

पुढच्या फिल्ममध्ये लांबलचक मुलाखती आहेत. प्रोड्युसर म्हणतोय कॅमेरामन घे, आणि त्याचं बरोबर आहे हे मला दिसतंय. अजून हो म्हटलेलं नाही.