स्लिपर क्लच, नोंद ४: अर्ध्या मिलिमीटरने खाल्लेले तीन आठवडे

सापडलं एकदाचं! मागच्या नोंदीत मी खुशीत लिहिलं होतं की बाइकला नवा स्लिपर क्लच (खालचा गिअर टाकताना मागचं चाक अडकू नये म्हणून आपोआप थोडा सरकणारा) बसवल्यापासून तिसऱ्यावरून दुसऱ्यावर धाडकन टाकलं तरी मागचं चाक उड्या मारत नाही, लीव्हरला फक्त बारीक थरथर जाणवते. ते खरंच होतं. पण त्यानंतरच्या तिसऱ्या राइडला सहाव्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला आणि आरपीएम चढले, वेग मात्र तिथेच. आधी हे नऊ हजारांच्या वर व्हायचं, आठवड्याभरात सात हजारांवरच व्हायला लागलं. इंजिन ब्रेकिंगला सरकायचा तो क्लच ओढीलाही सरकत होता.

पहिला संशय स्प्रिंगवर. पाचही काढून मोकळी लांबी मोजली, सगळ्या मर्यादेत. मग तेल. आधीपासून जासो एमए२ दर्जाचंच (तेलात बुडालेल्या क्लचला चालणारा बाइकच्या तेलाचा दर्जा) होतं, तरी बदललं. काही फरक नाही. केबल ढिली की ताठ ते पाहिलं, लीव्हरच्या टोकाला १२ मिमी मोकळी चाल, म्हणजे तीही बरोबर. शेवटी कडक स्प्रिंगचा सेट मागवायला निघालो होतो. बरं झालं थांबलो. कडक स्प्रिंगने स्लिप कदाचित झाकली गेली असती, पण लीव्हर जड झाला असता आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो डाउनशिफ्टचा मऊपणा गेला असता. गिअर खाली टाकताना रॅम्पवर (तिरक्या उतारावर) चढणाऱ्या छर्‍यांना त्याच स्प्रिंगविरुद्ध प्रेशर प्लेट (प्लेटांचा थर वरून दाबून धरणारी तबकडी) उचलायची असते.

शनिवारी कव्हर तिसऱ्यांदा उघडलं. फ्रिक्शन प्लेटना (घर्षणाचं अस्तर असलेल्या, स्टील प्लेटांशी आलटून पालटून रचलेल्या) जळका वास होता, थोडी चकाकीही आली होती, पण जाडी शाबूत. स्टील प्लेट काचेवर ठेवून फिलर गेज (बारीक फट मोजायची पट्टी) फिरवला, एकही वाकलेली नाही. सगळं परत जुळवायला घेणार इतक्यात हबच्या (प्लेटांच्या आतला मधला भाग) वरच्या कडेवर एक चकचकीत कडं दिसलं. नव्या हबवर तिथे घासायला काहीच नसतं! त्या कडेवर मार्करची शाई लावली, प्लेट आणि स्प्रिंग बसवून आवळलं, पुन्हा उघडलं. शाई पुसलेली.

म्हणजे प्रेशर प्लेट प्लेटांच्या थरावर न बसता हबवर टेकत होती. स्प्रिंगचा जोर थराला दाबण्याऐवजी सरळ हबवर जात होता. थर कमी उंच पडत होता, इतकंच.

पण उंची तर मी मोजली होती! नोंद २ मध्ये आकडाही आहे: ४८.१ मिमी, किटची मर्यादा ४७.८ ते ४८.२. चूक मोजण्याच्या पद्धतीत निघाली. फ्रिक्शन प्लेट रात्रभर तेलात भिजवून मग मी थर रचला आणि वर काहीही दाब न देता व्हर्निअर लावला. नऊ फ्रिक्शन आणि आठ स्टील, म्हणजे सतरा प्लेटांमधल्या प्रत्येक फटीत तेलाचा पापुद्रा. या वेळी तेल पुसून, जाड काचेवर थर रचून वर १० किलोचं वजन ठेवलं आणि चार ठिकाणी मोजलं: ४७.६. प्लेट रुळताना झालेली थोडी झीज यात धरली तरी मोठा फरक माझ्या मोजण्याचाच. सुरुवातीला क्लच बरा चालला, कारण तेव्हा जेमतेम फट उरली असावी. किटच्या कागदावर नुसता आकडा आहे, दाबाखाली मोजायचं की मोकळं याबद्दल अक्षर नाही. इतका नेमका भाग विकताना ती एक ओळ छापायला हवीच.

उपाय एका प्लेटचा. २.० मिमीची एक स्टील काढून २.३ची घातली, थर ४७.९ झाला. हबच्या कडेवर मातीचे तीन छोटे गोळे ठेवून आवळलं, दबून ०.२ मिमी राहिले. फट आली! रविवारी सहाव्या गिअरमध्ये लाल रेषेपर्यंत ओढलं, आरपीएम आणि वेग हातात हात घालून वर गेले. तो आवाज मी दोनदा परत फिरून ऐकला.

उघडलंच होतं म्हणून रॅम्पही तपासले. छर्‍यांवर खड्डे नाहीत, बास्केटच्या (प्लेटांभोवतीची बाहेरची वाटी) दात्यांवर नखाला लागेल इतकीच खूण. मधला नट क्लच होल्डर लावून टॉर्क रेंचनेच आवळला, लॉक वॉशर नवा. इथे इम्पॅक्ट गन वापरू नका, बास्केटमागच्या बेअरिंगची दया करा.

काहींनी विचारलं होतं की असिस्ट-स्लिपर का नाही घेतला. २०१३ च्या निन्जा ३००वर आला तो प्रकार मलाही आवडतो, कॅम ओढीच्या वेळी प्लेट आणखी दाबतात म्हणून स्प्रिंग हलक्या चालतात. पण माझ्या इंजिनासाठी छर्‍यांचाच मिळत होता.

आता याला हात लावायचा नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो, पण लिहितानाच खटकलं. ४७.९ म्हणजे खालच्या मर्यादेपासून फक्त ०.१ वर. झिजेल तसा थर खालीच जाणार. आणखी एक २.३ची घातली तर ४८.२, अगदी वरची मर्यादा. फट वाढल्याने स्लिपर जरा उशिरा उचलेल, पण झिजायला भरपूर वाव राहील. प्लेट आणि नवं गॅस्केट आत्ताच मागवलं. पुढच्या वेळी पुन्हा तीनवरून दोनवर टाकून बघतो. चाक पुन्हा उडालं तर ४७.९ वर परत यायचं आणि दर तेल बदलीला थर मोजायचा, वजन ठेवून.