मध्ये मध्ये

आमच्याकडे नाताळच्या फराळाचा डबा 25 तारखेच्या सकाळपर्यंत उघडायचा नाही, असा कायदा आहे. करंज्या 22 ला होतात, चकल्या 23 ला, शंकरपाळ्यांचा घाणा मध्येच कधीतरी निघतो; पण एकदा झाकण लागलं की लागलं. तळताना फुटलेली करंजी तेवढी खायला मिळते. त्यामुळे आमच्या घरात करंज्या फार फुटतात.

कायदा सासूबाईंचा. त्या नगरच्या. तिकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळ म्हणजे फराळ, दिवाळीसारखाच. केक ही त्यांच्या लेखी बेकरीवाल्याची हौस. लग्न होऊन इंदुरात आल्या तेव्हा करंजीचं कातणं त्यांनी बरोबर आणलं आणि जाड पुठ्ठ्याचं मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबलही. दोन्ही अजून वापरात आहेत, आणि दोन्हींचा संबंध असा की दुसऱ्यातलं वाचून झाल्याशिवाय पहिल्यानं कापलेलं खायचं नाही. लूककृत शुभवर्तमान, अध्याय दुसरा, पहिल्या 20 ओव्या, म्हणजे येशूच्या जन्माची गोष्ट. सगळ्यांनी बसून. मराठीतून.

आता 25 ची सकाळ कशी असते ते सांगते. रात्री कॅरल गाणारी पोरं दीड वाजता येऊन गेलेली, त्यांना चहा दिलेला, कुणाला झोप नाही. नऊला उपासना. गिझरचं पाणी दोघांपुरतं. साडीवरचा ब्लाऊज घट्ट झालाय हे त्याच दिवशी कळतं. यांचा एक मोजा हरवलेला. नगर, पुणे, जालना इथून आलटून पालटून व्हिडिओ कॉल. आणि या सगळ्याच्या ऐन मध्यावर आई हॉलमध्ये सतरंजी घालतात. पहिल्या वर्षी मी मोरीत उभी राहून नवऱ्याकडे कुरकुर केली होती, "आईंचं आपलं मध्ये मध्ये काय असतं हो? चर्चमध्ये वाचणारच आहेत ना तोच अध्याय!" ते म्हणाले, "तिथे हिंदीतून वाचतात." मला ते उत्तर वाटलं नव्हतं.

नाताळाआधीच्या, ख्रिस्तागमनाच्या चार रविवारांपैकी एका रविवारी पाळकसाहेब दरवर्षी सांगतात की ख्रिस्ताला सणाच्या केंद्रस्थानी ठेवा. बरोबर आहे. पण केंद्रस्थान म्हटलं की मला व्यासपीठावरची मधली खुर्ची दिसते, हारतुरे घालून बसवलेले पाहुणे, आणि आपण लांबून टाळ्या वाजवतोय. घरात मधोमध असलेली वस्तू अशी नसते. माझ्या माहेरी माजघराच्या बरोबर मध्ये एक सागवानी खांब होता. त्याला आम्हा सगळ्या भावंडांची कपाळं आपटलेली आहेत. पाहुण्यांचीसुद्धा. मध्ये असणं आणि मध्ये मध्ये येणं यांत मराठीला फारसा फरक वाटत नाही, हे मला सासरी आल्यावर कळलं.

झगमगाटावर माझा राग नाही, हे आधीच सांगून ठेवते. डिसेंबरात छप्पन दुकान या आमच्या खाऊगल्लीत लाल टोप्या घालून पोरं फिरतात, त्यांतल्या कितीकांना नाताळ म्हणजे काय ते ठाऊक नसेल, फिरू देत. रात्रीच्या थंडीत सराफ्यात उभं राहून गरमागरम गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्ला नाही तर मलाही नाताळ आल्यासारखं वाटत नाही, आणि गराडूचा बेथलेहेमशी संबंध शून्य. काही जण 'एक्समस' लिहिलेलं पाहून चिडतात, की नावातून ख्रिस्तालाच काढून टाकलं. तेही खरं नाही. ग्रीकमध्ये ख्रिस्त हा शब्द ज्या अक्षरानं सुरू होतो ते अक्षर इंग्रजी एक्ससारखं दिसतं, जुने लोक तेवढंच अक्षर खूण म्हणून लिहीत. सांताक्लॉजवरही आईंचा राग नाही. तो मुळात चौथ्या शतकातला संत निकोलस, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठी त्यानं रात्री गुपचूप पैशांच्या पिशव्या घरात टाकल्या, अशी आख्यायिका आहे. मी ती सांगितली तेव्हा आई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे तिथंही हुंडा होताच."

गव्हाणीचा देखावा मुलगा करतो. दिवाळीच्या किल्ल्यातून उरलेली पोती, माती आणि मावळे नाताळला कामी येतात. आमच्याकडे मेंढपाळ दोनच आहेत, त्यांतल्या एकाचा हात तुटलेला, म्हणून एक मावळा ढाल-तलवारीसह बाळ येशूच्या उशाशी उभा असतो. "राखणीला कुणीतरी हवंच," असं आईंनी त्याला मंजूर केलंय. बैल आणि गाढवही आहेत, पण गंमत म्हणजे लूकच्या त्या 20 ओव्यांत ना बैल आहे ना गाढव. 1223 साली असिसीच्या संत फ्रान्सिसनं इटलीतल्या ग्रेच्चो गावात जिवंत देखावा मांडला, तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं. आमच्या इंदूरचं लाल चर्च याच फ्रान्सिसच्या नावाचं. मुलाला हे सांगितलं तर त्यानं शांतपणे विचारलं, "मग मावळा का नाही चालणार?"

गेली तीन वर्षं वाचन धाकटीकडे आहे. ती हिंदी शाळेतली, देवनागरी झरझर वाचते, पण मराठी शब्दाशी आली की घाट लागल्यासारखी गाडी हळू होते. पहिल्याच वर्षी दुसऱ्या ओवीत थांबली. क्विरीनिय हा सूरियाचा सुभेदार असताना नावनिशी, म्हणजे शिरगणती झाली, असं तिथे आहे.

"सुभेदार म्हणजे मल्हारराव?"

"तसेच, पण रोमचे."

"त्यांचापण राजवाडा होता?"

यांना हसू आवरेना. आईंनी डोळे वटारले, मग त्यांनाही आवरेना. होळकरांच्या राजवाड्यासमोरून रोज रिक्षानं जाणाऱ्या पोरीला त्या एका शब्दानं सूरिया देश खजुरी बाजाराच्या पलीकडे आणून ठेवला होता.

मग सातवी ओवी. चर्चमधल्या हिंदी बायबलात तिथे साधं 'कपड़े में लपेटकर' आहे. मराठीत बाळंत्याने गुंडाळलं.

"आजी, बाळंतं मतलब?"

आई उठल्या. मी मनात म्हटलं, गेली उपासना. त्यांनी कपाटातून जुन्या सुती लुगड्याचा एक मऊसूत तुकडा काढला, धुऊन धुऊन रंग गेलेला. "हे. यात तुझा बाप गुंडाळला होता, आणि तूही." धाकटीनं तो नाकाला लावला. डांबराच्या गोळ्यांचा वास आला असणार, तरी तिनं तो वाचन संपेपर्यंत मांडीवरच ठेवला. नवऱ्याचं 'तिथे हिंदीतून वाचतात' हे उत्तर होतं, हे मला तेव्हा पटलं. कापड कुणालाही गुंडाळता येतं. बाळंतं म्हटलं की ओलं मूल आलं, शेक आला, डिंकाचे लाडू आले, रात्रीची जागरणं आली. बाहेर देवदूतांचा समुदाय असेल नसेल, पण आत कुणीतरी जुनेर शोधतंय.

तेव्हापासून मी मोरीत कुरकुर करत नाही. घाई मात्र करतेच.

गेल्या वर्षी वाचन सुरू झालं आणि बेल वाजली. समोरच्या काकू. आमचा फराळ त्यांच्याकडे नाताळला जातो, त्यांचा आमच्याकडे दिवाळीला येतो. आमची रिकामी ताटली परत करायला म्हणून आल्या होत्या, अर्थात रिकामी नव्हतीच, पोहे होते, वर शेव. त्यांना वाटलं अवघडल्या वेळी आलो. "येते मग," म्हणाल्या.

"बसा हो वहिनी, 14 ओव्या राहिल्यात," आई म्हणाल्या.

काकू बसल्या. कथेला बसतात तसा डोक्यावरून पदर घेतला. धाकटी सातव्या ओवीवर आली, आता ती बाळंत्याशी अडखळत नाही. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून गव्हाणीत ठेवलं, हे वाचून ती पुढे मेंढपाळांकडे निघाली, तोच काकूंनी हात वर केला.

"थांब गं. पहिलटकरीण ना ती?"

"हो," आई म्हणाल्या.

"परक्या गावात. मग सुईण? सोबत बाईमाणूस कुणीच नाही?"

साठ वर्षं हा अध्याय वाचणाऱ्या आमच्या आई गप्प झाल्या. मला वाटतं, पाळकसाहेबांनाही हे कुणी विचारलं नसेल. त्यांनी धाकटीच्या हातून शास्त्र घेतलं, चष्मा चढवला आणि ओवीवरून बोट फिरवलं.

"लिहिलंय, तिने गुंडाळलं. तिने." बोट तिथेच ठेवून त्या म्हणाल्या, "म्हणजे स्वतःच."

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "कच्च्या अंगानं?"

घड्याळात पावणेनऊ झाले होते. हे एक मोजा घालून दारात उभे. पोह्यांवरची शेव मऊ पडत चालली होती. आई आणि काकू पुस्तकावर वाकून अजून काही सापडतंय का ते पाहत होत्या, आणि डब्याचं झाकण बंदच होतं.