आमची वाटचाल : ओल्या कचऱ्यापासून रोपांपर्यंत

धायरीच्या आमच्या रोपवाटिकेत टोमॅटो, मिरची, वांगी, कोबीची रोपं मिळतात. पण आमचा जीव आहे तो त्यांच्या मुळाशी असलेल्या काळ्या, भुसभुशीत खतात.

पुण्याचा कचरा जिथे नेऊन टाकला जायचा, त्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा आपला ओला कचरा आपणच जिरवायचा, असं मी आणि माझ्या जाऊबाईंनी ठरवलं. कोथरूडच्या गच्चीवर ड्रम ठेवले. मग शेजारचे डबे येऊ लागले, मग भाजीवाल्यांचा पाला. पुढे गच्ची पुरेना, म्हणून धायरीत जागा भाड्याने घेतली. 2016च्या घनकचरा नियमांनी मोठ्या सोसायट्यांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली आणि आम्हाला बारमाही काम मिळालं.

गिऱ्हाइकांचा ठरलेला प्रश्न : "ताई, सालं थेट रोपांना घातली तर?" नका घालू. कच्चा कचरा कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो, बुरशी धरते, चिलटं होतात आणि कोवळं रोप मातीलगत कोलमडतं. साखरेचा चहाचा चोथाही तसाच. शिवाय बी आपली शिदोरी घेऊनच येतं; सुरुवातीच्या दोन दलांनंतरची खरी पानं फुटेपर्यंत त्याला वरून फारसं काही लागत नाही.

आम्ही एक बादली ओल्या कचऱ्याला दोन बादल्या पाचोळा घालतो. पुण्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी रस्तोरस्ती पाचोळा पडतो आणि लोक तो जाळतात, याचं फार वाईट वाटतं. आम्ही तो पोत्यांनी भरून आणतो. ढीग 55 अंशांच्या वर तापला की रोगजंतू आणि टोमॅटोच्या बिया बहुतेक मरतात. ओल मुठीत कळते : दाबल्यावर बोटांत एखादा थेंब यावा, धार लागू नये.

ढीग थंडावला की खत मुरू देतो, चाळतो आणि बशीत घेऊन त्यावर अळीव पेरतो. डिंकाबरोबर लाडवात घालतो तेच. कच्च्या खतात ते नीट उगवत नाही, उगवलं तरी पिवळं पडतं. सगळं हिरवंगार, एकसारखं आलं तरच ते खत रोपांच्या ट्रेमध्ये जातं, तेही तीन भाग कोकोपीटला (नारळाच्या काथ्याच्या भुशाला) एक भाग. निव्वळ खतात क्षार जास्त होऊन मुळं करपतात. ही तपासणी जाऊबाई करतात, आणि त्यांनी नापास केलेलं खत कितीही मागणी असली तरी विकत नाही.

घरचं खत तयार झालंय का, अशी शंका असेल तर वाटीभर घेऊन या. अळीव पेरून बघायचे आम्ही पैसे घेत नाही.