पेटीचे ३५ सूर, आठ-आठ सेकंदांचे

मेलोट्रॉन मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. हे वाद्य १९६३ च्या सुमारास बर्मिंगहॅममध्ये घडलं. १९७० च्या एम४०० मॉडेलला ३५ पट्ट्या, आणि प्रत्येकीखाली आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या सुराच्या टेपचा वेगळा तुकडा. पट्टी दाबली की टेप हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, टेकते, साधारण आठ सेकंद सूर वाजतो. सोडली की स्प्रिंग तिला मागे ओढते. माझ्याकडे होते फक्त त्याचे डिजिटल सॅम्पल, म्हणजे कॉम्प्युटरवर वाजवता येणारे ध्वनिमुद्रित सूर. टेपने नेमकं काय बदलतं ते कानाने कळावं, म्हणून ठाण्यात, नौपाड्यातल्या मावशीच्या घरी तिची पेटी आणि जुना कॅसेट डेक घेऊन बसलो.

शेवटची लोकल गेल्यावर पंखा बंद करून ३५ सूर घेतले. माइक एकच, आवाज एकाच वेळी डेकमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये. मावशी भाता सांभाळत होती. "अरे, तुझे आठ सेकंद मोजू की भाता बघू?" म्हणाली, पण एकही सूर तुटू दिला नाही. तीन रात्री लागल्या. मग कॅसेटवरचे सूरही कॉम्प्युटरवर घेतले, आणि दोन्ही संच कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवले.

पहिल्यांदा ऐकताना टेपच सरस वाटली. नंतर लक्षात आलं, ती थोडी मोठ्याने वाजत होती! आवाज समान केल्यावर एकेका सुरातला फरक बराच कमी झाला. स्वरमेळात मात्र तो उघड झाला. सा, ग, प एकत्र दाबले की टेपवरचा प्रत्येक सूर आपापल्या परीने किंचित डुलतो, सरसरही तिघांची मिळून वाढते. थेट घेतलेले सूर जागचे हलत नाहीत.

पण खरा धडा पुढेच होता. सूर लांबवायला मी टेपच्या सॅम्पलला लूप लावला, म्हणजे त्याचा एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला, आणि तोच डुलका दर दीड सेकंदाला परत येऊ लागला. एकदा कानाने पकडला की सुटेना. सगळे लूप काढले, सूर आठ सेकंदांनी संपू दिला. मावशीने न सांगता वाजवणं बदललं: सूर विरायच्या आत बोट पुढच्या पट्टीवर. टेप कॉम्प्युटरमध्ये गेली म्हणून काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं होतं ते माझ्या लूपने.

एक उणीव राहिलीच. खऱ्या मेलोट्रॉनमध्ये पट्टी किती जोरात दाबली यावरही आवाज बदलतो, बऱ्याच पट्ट्या एकदम दाबल्या तर मोटरवर ताण येऊन सूर किंचित उतरतो. माझी प्रत्येक पट्टी दर वेळी तंतोतंत तशीच वाजते. आता प्रत्येक सुराचे आणखी दोन टेक घेणार आहे. मावशीने शनिवारची रात्र दिली आहे.